इंगवलेबाईंचे हमखास वीस

कालिंदी इंगवले यांनी आयुष्यात पेपर एकदाच फोडला, आणि तोही अशा परीक्षेचा, जिच्यात कुणाला पास-नापास करायचंच नव्हतं. एवढ्या वर्षांच्या पुण्याईवर पाणी सोडायचं होतं तर निदान बोर्डाचा तरी फोडायचा, असं त्या नंतर स्वतःच म्हणायच्या.

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आपल्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांनी अठरा वर्षं चौथीच्या स्कॉलरशिपचा क्लास चालवला. दाराशी निळा पत्र्याचा फळा होता आणि त्यावर पांढऱ्या रंगानं स्कॉलरशिप मिळालेल्या मुलांची नावं लिहिलेली होती. नावं सव्वीस. न मिळालेल्यांची संख्या चारशेच्या घरात जायची, पण तेवढा मोठा पत्रा बाजारात मिळत नाही.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात बाई 'हमखास वीस' काढायच्या. म्हणजे येणारच असे वीस प्रश्न, सुवाच्य अक्षरात, फार महत्त्वाच्या प्रश्नांपुढं तारा काढून. त्यातले पाच-सहा यायचे. बाकीचे न आलेले विसरून जायची देणगी पालकांना देवानंच दिलेली असते, त्यामुळं बाईंची कीर्ती वाढत गेली. कीर्तीबरोबर सवयही वाढली. बाजारातल्या मेथीला त्या मनात दहापैकी सहा देत, शेजारणीच्या सुनेच्या चहाला चार. त्यांचे यजमान हंबीरराव एस.टी.च्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले होते. ते म्हणायचे, "ह्या घरात नव्वद टक्के घिऊन कोण बाहेर पडलंय का अजून? मला तर काठावर पास करून ठेवलंया."

सत्त्याण्णव साली कोपऱ्यावर मोठी अकॅडमी निघाली. तिच्या फलकावर मुलांचे रंगीत फोटो होते. बाईंच्या फळ्यावर नुसती नावं. दुसऱ्या वर्षी क्लासला तीन मुलं उरली, त्यातली दोन नात्यातली, ज्यांच्या आईबापांना नाही म्हणता येत नव्हतं.

अशा दिवसांत मैथिली सरनोबत घरी आली. ती आता लहान मुलांची डॉक्टर होती, पुण्याहून शिकून कोल्हापुरात एका ट्रस्टच्या दवाखान्यात बसायची. चौथीत ती बाईंच्याच क्लासला होती, पण दोन मार्कांनी राहिली होती, म्हणून फळ्यावर तिचं नाव नव्हतं. फळ्यावरच्या सव्वीसजणांपैकी अजून एकही डॉक्टर झालेला नव्हता. हा विचार बाईंच्या मनात आला आणि त्यांनी तो चहाबरोबर गिळला.

"बाई, मला एक माणूस हवंय," मैथिली म्हणाली. "पोरांजवळ बसणारं, अक्षर चांगलं असणारं, आणि डॉक्टर नसणारं."

"ते तर मी आहेच. आणि काय?"

"आणि काही माहीत नसणारं."

मग तिनं समजावून सांगितलं. जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा झालेली मुलं असतात. बुद्धी कित्येकदा चांगली असते, पण हातपाय कडक होतात, बसणं-उभं राहणं जमत नाही. दवाखान्याच्या भाषेत सेरेब्रल पाल्सी. अशी बासष्ट मुलं तिनं निवडली होती. बंद पाकिटातल्या चिठ्ठ्या काढून त्यांचे दोन गट केले होते. एका गटाच्या घरी दर आठवड्याला व्यायामवाल्या ताई जाणार, आईला हाताशी धरून शिकवणार. दुसऱ्या गटानं आत्तापर्यंत चालत आलंय तसं महिन्यातून एकदा दवाखान्यात यायचं. वर्षानं बघायचं, फरक पडतो का. पडला, तर ट्रस्ट सगळ्याच मुलांच्या घरी ताई पाठवणार. नाही पडला, तर घरभेटी बंद, आणि तो पैसा दवाखान्यातल्या एका यंत्रावर खर्च होणार.

"फरक मोजायचा कुणीतरी. त्या माणसाला कुठलं मूल कुठल्या गटातलं ते कळता कामा नये. कळलं की हात आपोआप सैल सुटतो, किंवा आखडतो. तेव्हा बाई, तुम्ही विचारायचं नाही, ऐकायचं नाही, आणि काही शिकवायचं तर अजिबात नाही."

आतल्या खोलीतून हंबीरराव हसत हसत बाहेरच आले. "हिला माहीत नसायचा पगार देणार? अगं पोरी, समोरच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजून पावणं किती आल्यात ते सांगत्या ही!"

बाईंना राग आला, म्हणून त्यांनी काम स्वीकारलं. आयुष्यातले बरेच निर्णय त्यांनी ह्याच पद्धतीनं घेतले होते.

महिनाभर दवाखान्यात शिकवणी झाली. अठ्ठ्याऐंशी गोष्टींचा फॉर्म होता. मूल कुशीवर वळतं का, हात न टेकता बसतं का, पुढं वाकून खेळणं उचलून परत सरळ होतं का, रांगतं का, गुडघ्यांवर उभं राहतं का, असं करत करत थेट जिन्यापर्यंत. सुरुवातही केली नाही तर शून्य, पूर्ण केलं तर तीन. बाईंना फॉर्म एका दिवसात पाठ झाला. अडलं ते मानेपाशी. क्लासमध्ये पोरगं उत्तराच्या जवळ आलं की बाईंची मान आपोआप हलू लागायची. पोरं उत्तर शोधायची सोडून मान बघायची. सव्वीस नावांतली निम्मी त्या मानेचीच, असं बाई मनातल्या मनात मानायच्या.

"बाई, मान," मैथिली दर पाच मिनिटांनी म्हणायची.

शेवटी बाई ताठ मानेनं बसायला शिकल्या. घरी हंबीररावांना वाटलं, मान अवघडली. त्यांनी शेकायला मिठाची पुरचुंडी आणून दिली.

नव्व्याण्णवच्या फेब्रुवारीत पहिली फेरी सुरू झाली. मुलं दवाखान्यात रडतात म्हणून मोजणी घरीच करायची होती. खांद्याला पिशवी, पिशवीत फॉर्म, एक लाल चेंडू, एक लाकडी घोडा, सेकंद मोजायचं घड्याळ. बाई केएमटीच्या बसनं गावोगाव हिंडू लागल्या. विचारायचं नाही हे त्यांनी कसंबसं पाळलं, पण ऐकायचं नाही हे कोल्हापूर जिल्ह्यात अवघड असतं. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका घरी आजोबांनी "आमच्याकडं काय हाय बघा, दर बुधवारी..." अशी सुरुवात केली, तशी बाईंनी दोन्ही कानांत बोटं घातली आणि मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणायला लागल्या. पाढा संपला तेव्हा आजोबा सुनेला सांगत होते, "आदी ह्या बाईलाच तपासून आणाय पायजे."

आक्काताईचं घर गडमुडशिंगीत, बौद्धवस्तीत विहाराच्या मागं होतं. दोन खोल्या, भिंतीला बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली तारेवर वाळत घातलेली छोटी विजार. नवरा एमआयडीसीत फाउंड्रीला. आक्काताई स्वतः सातवी शिकलेली, वयानं तिशीच्या आतली, आवाज शेतात हाक मारल्यासारखा. मुलगा नागसेन पाच वर्षांचा. डोळे तल्लख, पाय मात्र कात्रीसारखे एकमेकांवर. हात जमिनीला टेकवून तो बसायचा, आणि एक हात उचलला की ओंडक्यासारखा बाजूला पडायचा. बाईंनी लाल चेंडू पुढं ठेवला. नागसेननं चेंडूकडं बघितलं, हाताकडं बघितलं, आणि शहाण्या माणसासारखा काहीच न करता बसून राहिला. शून्य.

फॉर्म भरून झाला तशी आक्काताईनं विचारलं, "किती पडलं?"

"हे मार्क नव्हेत, बाळ."

"मग काय हाय? आकडाच हाय की."

"ह्यात नापास नसतं."

"नापास न्हाय म्हंजे पास बी न्हाय की वो बाई."

बाई फॉर्म पिशवीत घालू लागल्या. आक्काताई दारात आडवी बसली. "तुमीच न्हवं त्या क्लासवाल्या? माज्या नंदेचा प्रसेनजीत तुमच्याकडं यायचा. तुमच्या फळ्यावर नाव हाय त्येचं. त्यो सांगतोय, बाई पेपरात काय येनार त्ये आदीच सांगत्यात."

"आधी म्हणजे... अंदाज असतो तो."

"मग आमालाबी सांगा की अंदाज. पुडल्या बारीला काय इचारनार? मी घिऊन बसते रोज ह्येला. आमी काय कष्टाला भेत न्हाय. काय करायचं त्येच कुनी सांगत न्हाय."

बाईंनी मान ताठ ठेवली. मैथिलीचे शब्द आठवले. मग प्रसेनजीतचा चेहरा आठवला, फळ्यावरचं एकोणिसावं नाव. आणि गेल्या दोन वर्षांत कुणीही, अगदी कुणीही, 'बाई, हमखास काढून द्या' म्हणालेलं नव्हतं, हेही आठवलं. एका पोरानं काय होतंय, असं त्यांच्या मनानं त्यांना सांगितलं. बाईंच्या मनाला बाईंचा स्वभाव चांगलाच ठाऊक होता.

फॉर्मच्या मागचं कोरं पान फाडून त्यावर त्यांनी वीस गोष्टी काढल्या. नुसत्या गोष्टी नाहीत, कृती. बसवताना पाठ भिंतीला लावू नका. खेळणं आधी जवळ, मग चार बोटं लांब. रोज दहा वेळा. पाटावर बसवून पाय जमिनीला टेकवा. फार महत्त्वाच्यांपुढं तारे. खाली सवयीनं सहीसुद्धा केली. गुन्ह्याच्या जागी नाव-पत्ता ठेवून जाणारा चोर पोलिसांनीही पाहिला नसेल.

ऑगस्टात दुसरी फेरी आली. गडमुडशिंगीत नागसेनसमोर बाईंनी चेंडू ठेवला. नागसेन पुढं वाकला, दोन्ही हातांनी चेंडू उचलला, आणि हात न टेकता, थरथरत, ओठ आवळून परत सरळ झाला. आक्काताईनं श्वास सोडला तो बाहेर रस्त्यावर ऐकू गेला असेल. बाईंनी तीन लिहिले. परतताना बसमध्ये त्यांना सारखं हसू येत होतं, आणि शेजारच्या बाईनं पाकीट सांभाळत बूड जरा पलीकडं सरकवलं.

हसू दोन दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी त्या कळंब्याला बाळाबाईंच्या घरी गेल्या. बाळाबाईंची नात सहा वर्षांची होती. बाईंनी म्हटलं, "आता हिला बसल्या जागी मागं वळून घोड्याला हात लावायला सांगूया."

"सात नंबर व्हय?" बाळाबाई म्हणाल्या. "त्ये झक्कास येतंय तिला."

बाई थांबल्या. फॉर्मात ह्या गोष्टीचा नंबर तिशीच्या पलीकडं होता. सात नंबर फक्त एकाच कागदावर होता.

"सात नंबर कुठला, बाळाबाई?"

बाळाबाईंनी दिनदर्शिकेच्या मागून कागद काढला. झेरॉक्सची झेरॉक्स. अक्षर फिकटलेलं, पण बाईंचंच. तारे जागच्या जागी. वर कुणीतरी निळ्या शाईनं ठळक मथळा दिला होता: 'इंगवलेबाईंचे हमखास वीस'.

"दवाखान्याच्या बाकड्यावर मिळाला," बाळाबाई म्हणाल्या. "मुडशिंगीच्या आक्काताईनं दिला. लई भली बाई. महिन्याच्या शनिवारी आमी समद्याजनी बसतो न्हवं तितं, नंबर येईस्तोवर."

महिन्यातून एकदा दवाखान्यात येणाऱ्या म्हणजे दुसऱ्या गटाच्या आया. ज्यांच्या घरी ताई जातात त्या बाकड्यावर बसतच नाहीत. म्हणजे कागद फिरला तो बरोबर चुकीच्या गटात. आणि आपल्याला कळता कामा नये होतं तेही कळून चुकलं होतं. काहीही माहीत नसण्याच्या नोकरीत बाईंना आता सगळंच माहीत झालं होतं.

पुढच्या दहा दिवसांत कुठं दाराच्या मागं, कुठं देव्हाऱ्यात, कुठं तांदळाच्या डब्यात, असे एकूण चौदा कागद दिसले. अठरा वर्षांच्या क्लासमध्ये बाईंच्या कुठल्याही हमखासचा एवढा खप झाला नव्हता, आणि पालक इतके इमानानं कधीच घोकून घेत नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी हिशेब मांडला. दुसरा गटही पुढं गेला, तर दोन गटांत फरक दिसणार नाही. फरक नाही, तर ट्रस्ट म्हणणार, घरभेटींचा उपयोग नाही. ज्यांच्या घरी ताई जात होत्या त्यांचेही व्यायाम बंद. नागसेनच्या घरी तर ताई कधी पोहोचणारच नाहीत. एका नागसेनला तीन मार्क मिळवून देताना बाईंनी साऱ्यांचंच पुढचं वर्ष काढून घेतलं होतं.

आधी त्यांनी आपल्या अकलेप्रमाणं तोडगा काढला. खोडरबर घेऊन चौदा फॉर्मांसमोर बसल्या. पेपर ज्यानं फोडला त्यानंच तो कडक तपासायचा, म्हणजे फिट्टंफाट. देवनागरी तीनचा दोन करायला खालचा एक फराटा खोडला की पुरे. पहिलाच फॉर्म नागसेनचा होता. खोडरबर टेकवला आणि त्यांना ते आवळलेले ओठ दिसले. ते पोरगं झालं होतं हो सरळ. ते तीनच होते. बाईंनी खोडरबर बाजूला ठेवला. खोटे मार्क देणं त्यांना फारसं जड गेलं नसतं, पण खरे काढून घेणं जमेना.

हंबीरराव दारात लसूण सोलत बसले होते. बाईंनी सगळं सांगितलं. एरवी हसले असते ते हसले नाहीत.

"वर्कशॉपात एकदा मी ब्रेक उलटा बसवला हुता," ते म्हणाले. "राधानगरीची गाडी. ध्यानात आलं तवा गाडी डेपोतच उभी हुती, म्हणून सायबाला जाऊन सांगितलं. चार महिने मला झाडू माराय लावला त्येनं."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं नाही."

"तू मार्क काटलं असतंस. तुजी गाडी कुठं हाय? डेपोत, का सुटली?"

"अर्ध्या वाटेवर आहे."

"मग हात करून थांबीव की. लसणाचं मी बघतो."

फॉर्म होते तसेच दवाखान्यात जमा झाले, आणि बाई धीर करून गेल्या तेव्हा मैथिली त्यांच्या आलेखाचे कागद पसरून बसली होती. "बरं झालं आलात बाई. मला एक गोष्ट कळेना. ह्यातली काही मुलं पुढं गेलीत, पण बरोबर वीसच गोष्टींत. उरलेल्या अडुसष्टांत तसूभर फरक नाही. मेंदू असा यादी करून सुधारत नसतो."

बाईंनी पिशवीतून बाळाबाईंकडचा कागद काढून आलेखावर ठेवला.

मैथिलीनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. सही वाचली. बाहेर शिपाई नंबर पुकारत होता.

"तारेसुद्धा आहेत," ती शेवटी म्हणाली.

"महत्त्वाच्यांना फक्त."

"बाई, चौथीत मला तुमचे वीसच्या वीस तोंडपाठ होते. पेपरात पाच आले. बाकीचे कसे सोडवायचे ते मला माहीतच नव्हतं."

पाच नव्हे, सहा आले होते त्या वर्षी, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं. ते तिथंच राहिलं. निदान त्या दिवशी तरी तेवढी अक्कल शाबूत होती.

"मी आजच ट्रस्टला कळवते," मैथिली म्हणाली. "झालं तसं. तुमची ही फेरी बाद. आता सगळ्यांची मोजणी नव्यानं सांगलीची एक बाई करेल, शेवटचीसुद्धा. कागद ज्यांच्यापर्यंत गेला ती मुलं वेगळी काढायची. पण ती नेमकी कोण, कुणी किती दिवस केलं, कुणी नुसताच डब्यात ठेवला, हे कळल्याशिवाय वेगळं काय काढणार? एकाचं जरी चुकलं, तरी सगळ्यावर पाणी."

"मग?"

"मग तुम्ही जायचं घरोघर आणि विचारायचं. सगळं विचारायचं. तुम्हाला येतं तेच काम देतेय."

"कागद परत आणू?"

"नाही. पोरांचा व्यायाम थांबवायचा नाही. फक्त खरं लिहून आणा."

बाई उठल्या. दारापाशी गेल्यावर मैथिली म्हणाली, "आणि बाई, ह्याचं मानधन नाही."

"मागितलंय कुणी?" बाई म्हणाल्या, आणि जिना उतरताना त्यांना कळलं की आपण मागणार होतो.

तेरा घरं सोपी गेली. चौदावं आक्काताईचं. तिनंच सगळ्यांना कागद दिलेला, त्यामुळं अजून कुणाकुणाला दिला ते तिलाच ठाऊक. बाईंनी विचारलं, तशी ती तोंड फिरवून भाकरी थापू लागली.

"कुटला कागद? मला म्हाईत न्हाय."

"आक्काताई, माझ्या हातचा कागद. मीच दिलेला."

"तुमी कवा दिला? मी तर न्हाय बघितला."

"अगं, बाळाबाई सांगतात तू दिलास."

"बाळाबाईला दिसतंय कुटं नीट? मोतीबिंदू हाय तिला." आक्काताईनं भाकरी तव्यात टाकली, आणि मग एकदम वळून म्हणाली, "तुमची नोकरी जाईल की वो बाई! तुमी आमच्या पोराचं केलं, आन मी तुमचं नाव सांगू? आमच्यात असं करत न्हाईत."

फळ्यावरच्या सव्वीसांपैकी कुणी आपल्यासाठी एवढं खोटं बोललं असतं, असं बाईंना वाटत नव्हतं.

"नोकरी गेलीच," त्या म्हणाल्या. "मी स्वतःच सांगितलं डॉक्टरांना. आता तू खरं सांगितलं नाहीस, तर तुझ्या नागसेनकडं ताई यायच्या नाहीत, आणि बाकीच्यांच्या यायच्या बंद होतील. एवढंच आहे बघ."

"आन खरं सांगून नागसेनला काडून टाकलं म्हंजे?"

"मोजणीतून काढतील. व्यायामातून नाही. तसं झालं तर माझ्या दारात येऊन बस, मी मैथिलीच्या दारात जाऊन बसते."

आक्काताईनं तव्यावरची भाकरी उलटली. मग हात पुसून फडताळातून एक वही काढली. कोणत्या शनिवारी कुणाला झेरॉक्स दिली, सगळं लिहिलेलं. नागसेनचं धरून नावं सतरा. म्हणजे बाईंच्या नजरेतून तीन घरं सुटली होती. चौकशीतसुद्धा त्यांचे तीन मार्क गेले.

"आन बाई, ऱ्हागाला यिऊ नका, पर तुमच्यातलं नऊ आन अकरा नंबर मी काडून टाकलंय."

"काढून टाकलंस? त्यांना तारा होता!"

"आसंल. पर त्येचा काय उपेग न्हाय. त्येच्याबदली मी दुसरं घातलंय. ह्ये बगा."

ती नागसेनला उचलून न्हाणीत घेऊन गेली. तिथं एक सपाट दगड होता. त्यावर तिनं त्याला बसवलं आणि हात सोडला. नागसेननं एका हातानं बादलीचा काठ धरला आणि दुसऱ्या हातानं तांब्या घेऊन स्वतःच्या पायावर पाणी ओतलं. निम्मं बाईंच्या साडीवर गेलं.

"आदी ह्येला धरायचं का आंगूळ घालायची कळायचं न्हाय. आता माजं दोन्ही हात मोकळं," आक्काताई म्हणाली. "ह्ये कितवं तुमच्या फारमात?"

बाईंनी अठ्ठ्याऐंशी गोष्टी मनात वरपासून खालपर्यंत तपासल्या. न्हाणीतला दगड कुठंच नव्हता.

"नाही फॉर्मात," त्या म्हणाल्या.

"न्हाई तर न्हाई. मार्क नगं आमाला. भाकरी खाऊन जावा."

बाई भाकरी खाऊन गेल्या. भाकरीला किती मार्क द्यायचे ते त्यांना बसमध्ये बसल्यावरही सुचलं नाही.

पुढच्या फेब्रुवारीत सांगलीच्या बाईंनी शेवटची मोजणी केली. मैथिलीनं अहवाल लिहिला, त्यात सतरा मुलं वेगळी धरली आणि का धरली तेही लिहिलं. उरलेल्या पंचेचाळिसांत घरभेटीवाली मुलं पुढं होती. फार नाही, पण दिसण्याइतकी. ट्रस्टच्या बैठकीत एक गृहस्थ म्हणाले की ज्या डॉक्टरला स्वतःचा माणूस सांभाळता येत नाही तिच्या आकड्यांवर विश्वास कसा ठेवायचा. मैथिलीनं आक्काताईच्या वहीची झेरॉक्स त्यांच्यासमोर ठेवली, तारीखवार. दोन तास वाद झाला. यंत्राची खरेदी पुढं ढकलली आणि घरभेटी एका वर्षापुरत्या सगळ्यांना मंजूर झाल्या. वर्षानंतरचं वर्षानंतर बघू, असं ठरलं.

बाईंनी अहवाल मागून घेऊन वाचला. शेवटच्या पानावर बारीक अक्षरात होतं: 'मूल्यमापकाच्या हस्तक्षेपामुळे सतरा बालकांची नोंद वेगळी केली आहे.'

"नाव नाही घातलंस?" त्यांनी मैथिलीला विचारलं.

"नाव घालत नाहीत, बाई."

"पत्रा लहान पडला असेल," बाई म्हणाल्या.

एप्रिलमध्ये नव्या व्यायामवाल्या ताईला, शिवानीला, गडमुडशिंगीतलं घर दाखवायला बाईच गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. घर सापडणार नाही असं त्यांनीच ठरवलं होतं. शिवानी विशीतली, केसांची पोनी बांधलेली, आल्याबरोबर जमिनीवरच बसणारी. तिनं नागसेनचे पाय चाचपले, गुडघे वाकवून बघितले, मग पाट ओढून त्याला समोर बसवलं आणि म्हणाली, "आता उठून उभा राहा बघू. माझे हात धर. घाई नाही."

हे वीसांत नव्हतं. आक्काताईच्या वहीतही नव्हतं. नागसेननं शिवानीचे हात धरले, पण तिच्याकडं बघितलं नाही. तिच्या खांद्यावरून तो बाईंकडं बघत होता. बाईंना वाटलं, पोराला आपला लळा आहे.

"बाई," आक्काताई म्हणाली, "तुमी जरा भाईर बसा."

"का गं? मी काही बोलतेय का?"

"बोलत न्हाईसा. मान हालतीया तुमची. त्यो तिकडंच बगतोय, आन हिकडं पाय उचलत न्हाय."

बाई उठल्या. बाहेर येऊन कट्ट्यावर बसल्या, दाराकडं पाठ करून. समोर विहाराच्या भिंतीला कुणीतरी चुना लावत होतं. आतून शिवानीचा हळू आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग पाट सरकल्याचा आवाज झाला. मग काहीच नाही. मग आक्काताई इतक्या मोठ्यानं "अरं ए!" म्हणाली, की चुना लावणारा माणूस ब्रश थांबवून बघायला लागला.

ते 'अरं ए' पडल्याचं होतं की उठल्याचं, हे बाईंना ओळखता येईना. वळून बघायला फक्त मान लागणार होती. बाईंनी दोन्ही हातांनी कट्ट्याची कड धरली.

"काय झालं वो आत?" चुनेवाल्यानं विचारलं.

"मला माहीत नाही," इंगवलेबाई म्हणाल्या.